हाताने चालवलं की चालतं

लिनक्सवर टॉमकॅट बसवताना अडलेल्या माणसाचा फोन आला की तो साधारण एकच वाक्य बोलतो. "अरे, हाताने चालवलं की मस्त चालतंय, सर्व्हिस म्हणून टाकलं की मरतंय!" पुढे मग स्वतःचं निदानही जोडलेलं असतं: टॉमकॅटच भंगार आहे, जावाच भंगार आहे, नाहीतर ही नवीन सिस्टिमडी नावाची भानगड कोणी काढली कोण जाणे. मला मात्र हे वाक्य ऐकलं की हायसं वाटतं. कारण त्याचा अर्थ प्रोग्रॅम धडधाकट आहे. बिघाड आहे तो "हाताने" आणि "सर्व्हिस म्हणून" या दोन गोष्टींमधल्या फरकात, आणि तो फरक मोजून काढता येतो.

तर झालं असं. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री माझ्या हॉस्टेलच्या रूमीने हेच वाक्य फोनवर ऐकवलं. रूमी साताऱ्याला असतो, आसपासची छोटी ऑफिसं, दवाखाने, दुकानं यांची कॉम्प्युटरची कामं करतो. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी एक पॅथॉलॉजी लॅब आहे. पेशंटची नोंद, सॅम्पलचा नंबर, तपासणीचे आकडे आणि शेवटी छापील रिपोर्ट, हे सगळं तिथे एका वेब अ‍ॅप्लिकेशनवर चालतं. ते कोणीतरी नऊ वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. लिहिणारा आता कुठे असतो ते माहीत नाही, सोर्स कोड कोणाकडे आहे तेही माहीत नाही. हातात आहे ती फक्त एक वॉर फाईल. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वॉर फाईल म्हणजे शिजवून डब्यात भरलेली भाजी. खाता येते, पण त्यातलं मीठ कमी करता येत नाही.

जुनं मशीन सेंटओएस ७ वर होतं. त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले. त्यावरचा टॉमकॅट ८.५ त्याच्याही आधी, ३१ मार्च २०२४ ला निवृत्त झाला. एवढ्यावरून लॅबवाल्यांना काही फरक पडला नसता (आणि का पडावा?), पण आता त्या मशीनची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली होती. म्हणून रूमीने नवीन मशीन आणलं, त्यावर रॉकी लिनक्स ९ टाकलं, टॉमकॅट १०.१ टाकला, आणि तिथे अडकला. सोमवारी सकाळी सात वाजता उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांची रांग लागणार. जुनी डिस्क तोवर टिकेल का, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. शनिवारी सकाळी पहिली एसटी पकडली.

लॅबमध्ये पाय ठेवल्यावर पहिली गोष्ट दिसली ती जुन्या मशीनवर चिकटवलेली चिठ्ठी. डॉक्टर मॅडमच्या अक्षरात, आणि (डॉक्टर असूनही) चक्क वाचता येईल अशी! "लाईट जाऊन आल्यावर: १) लॉगिन करणे. २) खालील कमांड टाकणे. ३) दहा मिनिटे कशालाही हात लावू नये."

रूमी हसत होता. मी नाही हसलो, कारण तीन ओळींत त्या मशीनची अख्खी कुंडली होती. पहिल्या दोन ओळी सांगत होत्या की नऊ वर्षांत हा टॉमकॅट सर्व्हिस म्हणून कधी चाललेलाच नाही. लाईट गेली की दरवेळी कोणीतरी माणूस लॉगिन करून तो हाताने उठवत होता. याचं महत्त्व पुढे येईलच.

तिसरी ओळ मात्र मला फारच आवडली. दहा मिनिटं का? तर टॉमकॅट सुरू होताना सेशन आयडी बनवण्यासाठी त्याला यादृच्छिक आकडे लागतात. रँडम हो, साध्या मराठीत. जावा ते लिनक्सच्या डेव्ह-रँडम या फाईलकडे मागायची, आणि जुन्या कर्नलमधली ती फाईल पुरेशी "अनिश्चितता" साठली नसेल तर चक्क थांबवून ठेवायची. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क यांच्या हालचालींतून ती अनिश्चितता गोळा होते. कोपऱ्यात एकट्या बसलेल्या मशीनमध्ये कसली आलीय हालचाल? त्यामुळे टॉमकॅट वाट बघत बसायचा आणि लोकांना वाटायचं हँग झाला. म्हणजे कशालाही हात लावू नका, हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोब्बर उलटा होता, हात लावला असता तर कदाचित लवकर उठला असता :) असो. २०२० मध्ये आलेल्या ५.६ कर्नलपासून एकदा सुरुवातीची जुळवाजुळव झाली की ती फाईल अडवत नाही. रॉकी ९ चा कर्नल ५.१४ आहे, त्यामुळे नवीन मशीनवर ही कटकट आपोआप मिटली.

आता नवीन मशीन. रूमीने सर्व्हिस सुरू करून दाखवली. लगेच लाल अक्षरं. स्टेटस विचारलं तर २०३, एक्झेक. जर्नलमध्ये "परमिशन डिनाइड".

"परमिशन तर सगळ्या दिल्यात रे," रूमी वैतागला. "हे बघ. मालक टॉमकॅट, एक्झिक्यूटची परवानगी आहे, सगळं आहे. मी ७७७ पण करून पाहिलं."

७७७ म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांनी आता एक उसासा टाकून घ्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घराची सगळी दारं-खिडक्या उघड्या टाकून वर "या, बसा" असा बोर्ड लावणे. आणि एवढं करूनही आत जाता येत नसेल, तर अडवणारा दाराशी नाहीच, तो दुसरीकडे कुठेतरी उभा आहे. ७७७ चा तेवढा एक उपयोग.

रूमीला विचारलं, टॉमकॅटची फाईल डाऊनलोड कुठे केली होतीस? तर स्वतःच्या होम फोल्डरमध्ये. तिथेच उघडली, आणि मग उचलून ऑप्ट फोल्डरमध्ये नेली. नेली म्हणजे एमव्ही केली की सीपी? एमव्ही. झालं, सापडला!

रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर एसईलिनक्स नावाचा एक जादा पहारेकरी असतो. अमेरिकेच्या एनएसएमध्ये त्याचा जन्म झाला आणि २००० साली तो मुक्त सोर्स म्हणून बाहेर आला. फाईलचा मालक कोण, वाचायची परवानगी कोणाला, हे नेहमीचं खातं तो बघत नाही. त्याचं खातं वेगळंच आहे. प्रत्येक फाईलवर एक शिक्का असतो आणि कुठल्या प्रकारच्या प्रोसेसने कुठल्या शिक्क्याच्या फाईलला हात लावायचा, याचा नियम असतो. होम फोल्डरमध्ये जन्मलेल्या फाईलवर "युझर होम" असा शिक्का बसतो. सीपी केलं तर नव्या जागी नवीन फाईल जन्माला येते आणि नव्या जागेचा शिक्का घेते. एमव्ही केलं तर फाईल तीच राहते आणि शिक्काही तोच. म्हणजे ऑप्टमध्ये मुक्कामाला आलेला हा टॉमकॅट कागदोपत्री अजून रूमीच्या घरीच राहत होता. आणि सिस्टिमडीला नियम आहे, लोकांच्या घरातले प्रोग्रॅम चालवायचे नाहीत. किती शहाणा नियम आहे बघा खरं तर.

साध्या एलएसने हे दिसत नाही. एलएस आणि पुढे मोठा झेड टाकला की शिक्के दिसतात. ऑडिट लॉगमध्ये तर पहारेकऱ्याने नकार देताना रीतसर नोंद केलेली होती: कोण आला, कशाला हात लावत होता, शिक्का कुठला. बिचाऱ्याने सगळं लिहून ठेवलं होतं, वाचायला कोणी गेलंच नव्हतं.

आणि हाताने का चालत होतं? कारण लॉगिन केलेल्या माणसाला हा पहारेकरी सहसा अडवत नाही. रूमी स्वतः चालवतोय म्हणजे रूमी स्वतःच्या घरातली वस्तू वापरतोय.

"मग एसईलिनक्स बंदच करून टाकू ना," रूमी म्हणाला. "सगळेजण पहिलं तेच करतात."

करतात खरं. मी ज्या ज्या मशीनवर काम केलंय त्यातल्या कितीतरी मशीनवर ते कधीतरी कोणीतरी तात्पुरतं बंद केलेलं होतं, आणि ते तात्पुरतं कायमचं होऊन बसलं होतं. इथे लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट आहेत. कोणाला काय आजार आहे, ते सगळं याच डब्यात. आणि उपाय काय होता? रिस्टोरकॉन म्हणून एक कमांड, ऑप्ट फोल्डरवर. तिने सगळ्या फाईलींचे शिक्के त्या जागेला शोभतील असे बदलले. अर्धा मिनिट. पहारेकऱ्याला हाकलून द्यायला यापेक्षा जास्त टायपिंग लागलं असतं.

मी चहाचा कप उचलेपर्यंत दुसरी लाल ओळ आली. जावा होम आणि जेआरई होम यापैकी एकही व्हेरिएबल दिलेला नाही, निदान एक तरी लागतो. हे लगेच कळण्यासारखं. रूमीने जावा १७ सुद्धा टार फाईलमधून ऑप्टमध्ये ठेवली होती आणि तिचा पत्ता लिहिला होता स्वतःच्या बॅशआरसी फाईलमध्ये. ती फाईल वाचतं कोण? रूमीचं शेल, रूमीने लॉगिन केल्यावर. सिस्टिमडी काही लॉगिन करत नाही, शेलही उघडत नाही. तो सर्व्हिसला जवळजवळ रिकाम्या खोलीत जन्म देतो. त्या खोलीत काय असावं, हे सर्व्हिसच्या युनिट फाईलमध्ये लिहावं लागतं. एन्व्हायर्नमेंटची एक ओळ तिथे टाकली, डेमन-रीलोड केलं.

मध्ये आणखी एक किरकोळ प्रकार झाला. रूमीने जुनी सर्व्हर डॉट एक्सएमएल जशीच्या तशी आणली होती आणि तिच्यात ८००९ पोर्टवरचा एजेपी कनेक्टर चालू होता. २०२० च्या फेब्रुवारीत घोस्टकॅट नावाचं भोक त्याच दारात सापडलं होतं. त्यानंतरच्या टॉमकॅटमध्ये सांकेतिक शब्द दिल्याशिवाय ते दार उघडतच नाही, सुरू होतानाच तक्रार करतं. इथे पुढे अपाची वेब सर्व्हर वगैरे काही नव्हतंच, म्हणून ती ओळ काढून टाकली. विषय संपला.

टॉमकॅट उठला! त्याच मशीनवर ८०८० ला विचारलं तर उत्तर आलं. माझ्या लॅपटॉपवरून विचारलं तर "नो रूट टू होस्ट".

ही एररची भाषा शिकून घेण्यासारखी आहे. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे घर सापडलं, पण त्या दाराशी कोणी बसलेलं नाही, प्रोग्रॅम चालू नाही किंवा भलत्या पोर्टवर आहे. "टाइम्ड आउट" म्हणजे निरोप गेला आणि गडप झाला, वाटेत कोणीतरी मुकाट्याने गिळतोय. आणि "नो रूट टू होस्ट" हे वाचून माणूस केबल तपासायला धावतो. रूमी खरंच टेबलाखाली वाकला होता. पण पिंग तर जात होता! रस्ता नसता तर पिंग कसा गेला असता? हे उत्तर नव्या मशीनच्या फायरवॉलचं होतं. फायरवॉलडी निरोप गिळत नाही, "मनाई आहे" असा निरोप परत पाठवतं, आणि माझ्या लिनक्स लॅपटॉपने त्याचं भाषांतर "रस्ता नाही" असं केलं. ८०८० पोर्ट उघडला, आणि परमनंट हा शब्द न विसरता टाकला, कारण तो नसेल तर रीबूटनंतर फायरवॉल सगळं विसरतं.

दुपारचे दोन वाजले होते. मॅडमनी घरून डबा आणला होता, भाकरी आणि पावट्याची उसळ. टॉमकॅट हे नाव कशावरून, असं त्यांनी जेवताना विचारलं. बोका का? सन कंपनीतल्या जेम्स डंकन डेव्हिडसनने हे मूळ लिहिलं आणि १९९९ मध्ये ते अपाचीकडे आलं. त्याला असं वाटत होतं की यावर कधीतरी ओ'रायलीचं पुस्तक निघेल, आणि ओ'रायलीच्या पुस्तकांवर प्राण्याची चित्रं असतात. म्हणून त्याने स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी निवडला. २००३ मध्ये पुस्तक निघालं खरं, पण कव्हरवर बोका नाही, हिमबिबट्या! "स्वतःची काळजी स्वतः घेणारा?" मॅडम चिठ्ठीकडे बघत म्हणाल्या. "मग आमच्याकडचा कसा काय बिघडला?"

जेवणानंतर लॉगिनचं पान उघडलं. नाव, पासवर्ड, एंटर. ४०४.

हा ४०४ फसवा. पान येतं, चित्रं येतात, बटण दाबलं की ४०४, आणि लॉगमध्ये एक ओळही तक्रार नाही. कारण भलतंच आहे, आणि ते टॉमकॅटचं नाहीच, वकिलांचं आहे. ओरॅकलने २०१७ मध्ये एंटरप्राइझ जावा एक्लिप्स फाउंडेशनकडे दिलं, पण जावा या नावावरचा हक्क काही सोडला नाही. त्यामुळे "जावाएक्स" या नावाने सुरू होणाऱ्या पॅकेजमध्ये एक्लिप्सवाल्यांना पुढे बदल करता येईनात. शेवटी सगळ्यांची नावं "जकार्ता" करून टाकली. टॉमकॅट १० पासून हेच नवीन नाव चालतं. आपल्या नऊ वर्षं जुन्या अ‍ॅप्लिकेशनच्या पाट्यांवर अजून "जावाएक्स" लिहिलेलं. टॉमकॅटला त्या पाट्या वाचताच येत नाहीत, म्हणून त्या जागा त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. चूक नाही, म्हणून तक्रारही नाही. (गंमत म्हणजे अपाचीत आल्यावर टॉमकॅट ज्या प्रकल्पात राहत होता त्याचंही नाव जकार्ताच होतं, सनच्या ऑफिसातल्या एका मीटिंग रूमवरून पडलेलं. पोरगं फिरून घरीच आलं म्हणायचं.)

सोर्स असता तर नावं बदलून पुन्हा बांधता आलं असतं. नव्हता. टॉमकॅट ९ टाकून मोकळं होणं हा एक मार्ग होता, त्यात जुनीच नावं चालतात. पण टॉमकॅट १० मध्ये एक सोय आहे. वेबअ‍ॅप्सच्या शेजारी वेबअ‍ॅप्स-जावाईई नावाचा फोल्डर करून जुनी वॉर फाईल त्यात टाकली की तो स्वतःच आतली नावं बदलून घेतो, थेट शिजलेल्या कोडमध्ये. डब्यातल्या भाजीचं मीठ कमी करता येत नाही असं मी वर म्हटलं ना, तर ते मागे घेतो. दहा मिनिटांत लॉगिन झालं. नंतर प्रत्येक स्क्रीन मॅडमसोबत बसून तपासायला मात्र तीन तास लागले.

संध्याकाळी सहाला रूमी बॅग भरायला लागला होता. मी म्हटलं, एक रिपोर्ट छापून बघू. खोटे पेशंट टाकले, संगीता जाधव, हिमोग्लोबिन ११. प्रिंटर कुरकुरला, कागद बाहेर आला. लॅबचं नाव ठीक, आकडे ठीक, आणि पेशंटच्या नावाच्या जागी:

?????? ????

"फॉन्टचा प्रॉब्लेम दिसतोय," रूमी म्हणाला. "नंतर बघू. आकडे तर बरोबर आहेत ना?"

फॉन्ट नसता तर चौकोन आले असते. भलत्या एन्कोडिंगने वाचलं असतं तर विचित्र खुणांची रांगोळी आली असती, आणि ती सहसा उलगडता येते. पण खरीखुरी प्रश्नचिन्हं म्हणजे कोणीतरी मराठी अक्षर हातात घेतलं, "हे माझ्या वहीत बसत नाही" असं म्हणून टाकून दिलं आणि त्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं. अक्षर गेलं. हे अ‍ॅप्लिकेशन प्रत्येक रिपोर्ट आधी एका फाईलमध्ये लिहितं, तीच छापतं आणि तीच जपून ठेवतं. डेटाबेसमध्ये नाव शाबूत होतं, पण जपून ठेवलेल्या रिपोर्टमधून कायमचं पुसलेलं.

मी अजून एक खोटा पेशंट टाकला. सुनीता जाधव, हिमोग्लोबिन ६. कागद बाहेर आला:

?????? ????

संगीता म्हणजे स, अनुस्वार, ग, दीर्घ वेलांटी, त, काना. सहा खुणा. सुनीता म्हणजे स, उकार, न, वेलांटी, त, काना. त्याही सहा. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. मॅडमनी चष्मा लावून ते पाहिले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सहा असलेल्या बाईला मी लगेच दवाखान्यात पाठवते. अकरावालीला म्हणते, पालेभाजी खा, खजूर खा."

सॅम्पलचा नंबर असतो कागदावर, हो. पण रिपोर्ट घ्यायला येतो नवरा, नाहीतर शेजारचा पोरगा, आणि तो नंबर बघत नाही, नाव बघतो. रूमीने बॅग खाली ठेवली.

जुन्या मशीनवर नऊ वर्षं हे झालं नाही आणि आता का झालं? इथे ती चिठ्ठी कामाला आली. लॉगिन करणे, कमांड टाकणे. लॉगिन करणाऱ्या युझरच्या बॅशआरसीमध्ये जावा होमच्या खालीच लँगची ओळ होती, भाषा आणि यूटीएफ-८ सांगणारी. रूमीने नव्या मशीनवर त्या दोन्ही ओळी स्वतःच्या बॅशआरसीत आणल्या होत्या. जावा होम नाही म्हणून सर्व्हिस मेली होती, त्यामुळे ती ओळ आम्हाला कळली. लँग नाही म्हणून काहीच मरत नाही. जावा निमूटपणे आजूबाजूला बघते, कोणी भाषा सांगितलेली दिसत नाही आणि साधं आस्की धरते. आस्कीच्या वहीत मराठी बसत नाही. जावा १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, काही न सांगताही यूटीएफ-८ धरलं जातं. आमची १७ होती.

अंदाज बरोबर आहे का ते बघायला अंदाजाची गरज नसते. चालू असलेली प्रत्येक प्रोसेस जन्मताना सोबत काय घेऊन आली, ते लिनक्स प्रॉक फोल्डरमध्ये तिच्या नंबराखाली एन्व्हायरॉन नावाच्या फाईलमध्ये दाखवतं. सर्व्हिसवाल्या टॉमकॅटची ती यादी काढली. मग सर्व्हिस थांबवून रूमीच्या लॉगिनमधून हाताने टॉमकॅट उठवला आणि त्याची यादी काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. हातवाल्याची लांबलचक, सर्व्हिसवाल्याची बोटावर मोजण्याइतकी. एकीत लँग यूटीएफ-८, दुसरीत नुसतं सी, कारण मशीनच्या लोकेल फाईलमध्ये तेवढंच लिहिलेलं होतं. हाताने चालवून छापलं तर संगीता जाधव, स्वच्छ अनुस्वारासकट. एव्हाना कळलंच असेल की रूमी शुक्रवारी रात्री फोनवर अगदी खरं बोलत होता.

युनिट फाईलमध्ये लँगची एक ओळ टाकली, सी डॉट यूटीएफ-८. जावालाही फाईल एन्कोडिंग वेगळं सांगून ठेवलं, कारण पुढे कोणीतरी ती लँगची ओळ "ही कशाला?" म्हणून पुसणार, हे मी आत्ताच सांगतो. दोन्ही ओळींच्या वर रूमीने मराठीत टिप लिहिली, ही ओळ काढली तर पेशंटची नावं जातील. बॅशआरसीतल्या दोन्ही ओळी पुसल्या, म्हणजे इथून पुढे हाताने चालवलं तर उलट तेच चालणार नाही. रूमीला हे विचित्र वाटलं. मला नाही.

रविवारी दुपारी शेवटचा डेटा नव्या मशीनवर आणला आणि रीबूटच्या कमांडऐवजी सरळ मेन स्विच बंद केला. गावात लाईट जाते तशीच घालवून बघायची होती. दोन मिनिटांनी चालू केला. कोणी लॉगिन केलं नाही, कीबोर्डला कोणी हात लावला नाही, मॉनिटरसुद्धा बंद होता. मॅडम पलीकडच्या खोलीत त्यांच्या पीसीवर पान रिफ्रेश करत होत्या. चाळिसेक सेकंदांनी तिकडून प्रिंटरचा आवाज आला आणि मग त्यांचा, "सुनीता आली!"

जुनं मशीन महिनाभर तसंच ठेवायचं, बंद करायचं पण हलवायचं नाही, असं ठरलंय. चिठ्ठीही त्याच्यावरच आहे. सोमवारी साडेदहाला रूमीचा मेसेज आला, त्रेपन्न रिपोर्ट छापून झाले, एका आजोबांचं आडनाव चुकलंय, पण ते टाइप करणाऱ्याने चुकवलंय.